मायनं सोडलेली वांगी

दरवर्षी फेब्रुवारी लागला की नांदेडजवळच्या विष्णुपुरीत आमच्या रस्त्यावर पाठीला दप्तरं लावलेली पोरं दाटतात. सकाळी सहाला क्लासला निघालेली, दुपारी दुसऱ्या क्लासला निघालेली, संध्याकाळी टेस्ट देऊन उतरलेल्या तोंडानं परत येणारी. त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, ह्यांना धरून आधी पोटभर जेवू घालावं, मग काय ते इंटिग्रेशन करा म्हणावं. यंदा पुढच्या रस्त्यावर पोरं दाटली तेव्हाच घराच्या मागच्या वाफ्यात वांगीही दाटली. माझ्या दारात वांगं लागलं ते आयुष्यात पहिल्यांदा. मी उमरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर शाळा आणि पॅसेंजर गाडीतले धक्के खाऊन आले, तरी आधी मागच्या दारी जाऊन झाडं बघितल्याशिवाय पायातली चप्पल काढत नाही.

हिरव्या अंगावर जांभळ्या रेघा असलेली, आखूड, काटेरी वांगी आहेत ही. तोडताना देठाचे काटे बोटात जातातच. बाजारातल्या गुळगुळीत, तेल लावल्यासारख्या वांग्यांशी ह्यांचं काही नातं नाही. माझा नवरा इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्यामुळे तो प्रत्येक गोष्ट मापात बोलतो. परवा म्हणाला, "झाडं बारा आणि तोरा बारा एकराचा." म्हणू दे. तोरा आहेच, आणि तो मी मिळवलेला आहे.

ही वांगी माझ्या मायची. आमच्याकडे आईला माय म्हणतात. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या अलीकडचं, आणि त्या गावात मायची ओळखच वांग्यावरून होती. तिला भरलं वांगं आवडायचं, भाजून कांद्यात कालवलेलं आवडायचं, डाळीत सोडलेलं आवडायचं. काहीच नसलं तर निखाऱ्यावर भाजून नुसतं मीठ-मिरचीशी खायची. आषाढी एकादशीपासून आमच्या घरात वांगं वर्ज्य. ते पाच महिने ती कसे काढायची, तिचं तिलाच माहीत. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की जी सुरू व्हायची ती होळीपर्यंत थांबायची नाही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, चारचौघांत तिची थट्टा करायचे. "हिला सरगात धाडलं तरी आधी इचारील, वांग्याचा वाफा कोन्या अंगाला हाय म्हनून." माय पदर तोंडाला लावून हसायची आणि त्यांच्या ताटात आणखी एक वांगं वाढायची.

गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंपानं पडलं, तेव्हा मी पाचवीत होते. आमच्या घरातले आजोबा गेले. मायच्या दंडावर दगड पडून हाड दिसेपर्यंत मांस फाटलं. त्या दिवसांबद्दल लोक मला आजही विचारतात, आणि मी फार सांगत नाही. एवढं सांगते, की आठ-दहा दिवसांनी दादा शेताकडे जाऊन आले आणि म्हणाले, विहिरीजवळची वांग्याची झाडं उभी आहेत. चातुर्मास म्हणून कुणी तोडली नव्हती, त्यामुळे ती फळांनी वाकली होती. माय दंडाला पट्टी बांधलेली तशीच उठली, शेतात गेली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं वांगं बियाला म्हणून राखून त्याच्या देठाला लाल चिंधी बांधून आली. घर नाही, चूल नाही, आणि ही बाई पुढच्या वर्षीच्या बियाची तजवीज करून आली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, आणि ऊर भरून येतो.

पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढल्यावर नव्या गावात घर मिळालं. एका ओळीत घरं, दारावर नंबर, पुढं मोटार वळेल एवढा रस्ता. घराभोवती जागा भरपूर, पण सगळा मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. शेजारपाजारच्यांनी सांगितलं, इथं बाभळ येईल, वांगं येणार नाही. माय कुणाशी वाद घालणारी नव्हती. तिनं एवढंच केलं, की रोज शेतातून परत येताना डोक्यावर काळ्या मातीची एक पाटी आणायची. गवताचा भारा असला तर पाटी कमरेवर. उन्हाळाभर एक दिवस चुकली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घराच्या मागं गुडघाभर काळ्या मातीचे दोन वाफे तयार झाले, मोरीचं पाणी तिकडं वळलं, आणि राखेत घोळून ठेवलेलं बी तिनं बाहेर काढलं. त्या थंडीत इथं बाभळच येणार म्हणणाऱ्या शेजारणी वाडगं घेऊन आमच्या मागच्या दारात उभ्या होत्या. मायनं सगळ्यांना वांगी दिली, आणि एकीलाही टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता.

वांगं वाढवणं हे चिकाटीचं काम आहे. कोवळा शेंडा माना टाकायला लागला की समजायचं, आत अळी शिरली. तो शेंडा बोटभर खाली खुडायचा आणि चुलीत घालायचा. आज नको उद्या म्हणालात, तर अळी फळात गेलीच. सकाळी पानांवर दव असताना गोवरीची राख भुरभुरायची, म्हणजे ती चिकटून राहते. माय हे सगळं अंघोळीच्या आधी उरकायची. मग तोडलेली वांगी मिठाच्या पाण्यात, देठ तसाच ठेवून चार चिरा. शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ, भाजून कुटलेली कारळं, लसूण, कोथिंबीर आणि येसर, म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेली आमच्याकडची पूड. हे सगळं वांग्यात दाबून भरायचं, उरलेलं रश्शाला. कढईवर ताटली, ताटलीत पाणी. तेल कडेला सुटलं की पुरे. कागदावर लिहिलं तर पाच ओळींची कृती आहे, पण माझ्या हातून ती मायच्यासारखी उतरायला यंदाचा फेब्रुवारी उजाडला.

दहावीला मला तालुक्यात चांगले मार्क पडले. त्या काळी आमच्या भागात चांगले मार्क पडलेल्या पोराचं एकच व्हायचं, त्याला लातूरला नेऊन सोडायचे. नांदेडकडूनही पोरं लातूरला यायची. गल्लोगल्ली क्लास, भिंतीवर डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो, आणि घरमालकांनी एका खोलीच्या दोन केलेल्या. आम्ही चौघी मुली गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत एका खालांकडे राहायचो. त्यांचे मियाँ शिलाईकाम करायचे. खाली दिवसभर मशीन चालायचं आणि वर आम्ही सूत्रं घोकायचो. खाला दिवसातून दोनदा जिन्याखाली उभ्या राहून ओरडायच्या, "पढ रे क्या पोट्ट्यांनो, सो रे?" आणि आम्ही झोपलेलो असलो तरी "पढ रे" म्हणून ओरडायचो.

माझा डबा एसटीनं यायचा. हे लातूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या गावाहून सकाळी सातची गाडी निघायची. माय पाचला उठून भाकरी थापायची आणि कापडी पिशवीत घालून डबा ड्रायव्हरच्या मागं ठेवून यायची. अशा वीस-पंचवीस पिशव्या त्या गाडीत असायच्या, प्रत्येकीवर दोऱ्यानं नाव विणलेलं. नऊच्या सुमाराला स्टँडवर आम्ही पोरंपोरी घोळका करून उभी राहायचो. गाडी लागली की आधी डबे उतरायचे, मग माणसं. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. सबंध दोन वर्षांत माझा डबा एकदाही हरवला नाही आणि चुकला नाही, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आणि डब्यात काय, तर चंपाषष्ठीपासून परीक्षेपर्यंत वांगं. सुरुवातीला मला लाज वाटायची. खोलीतल्या एकीच्या डब्यात पनीर, एकीच्या डब्यात अंडी, आणि माझ्या डब्यात सोमवारी वांगं, मंगळवारी वांगं. उदगीरकडची एक मैत्रीण वांग्याला कानडीत बदनेकाई म्हणायची. तिनं माझं नावच बदनेकाई ठेवलं. पण महिनाभरात चित्र पालटलं. नऊला डबा आला की आम्ही चौघी मिळून आधी माझाच उघडायचो, आणि पनीर संध्याकाळपर्यंत तसंच पडून राहायचं. एकदा खालांनी बोट बुडवून रस्सा चाखला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तेरी मां के हाथ में क्या है गे?" तेव्हापासून मी डब्यातली दोन वांगी वाटीत काढून खाली द्यायची. वाटी परत येताना रिकामी येत नसे.

बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी माय लातूरला आली. मला भेटायला आली, आणि खालांसाठी पिशवीभर वांगी घेऊन आली. दोघींची पहिलीच भेट. मायला उर्दू येत नव्हतं आणि खालांचं मराठी यथातथाच, पण दोघी दारात हात धरून उभ्या राहिल्या आणि एकमेकींना बरंच काही बोलल्या. खालांनी त्याच वांग्यांचे बघारे बैंगन केले. तीळ, खोबरं, चिंच, वरून कढीपत्त्याची फोडणी, असा वास की वरच्या खोलीतल्या मुली पुस्तकं उघडी टाकून खाली आल्या. दस्तरखान घालून खालांनी मायला मानानं मधे बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं.

मायनं ताटाला नमस्कार केला. भाकरी घेतली, कांदा घेतला, वांग्याची वाटी हळूच बाजूला सरकवली.

"खा लेव ना मां," खाला म्हणाल्या. "तुमारेच बैंगन हैं."

"नगं. मला नगं," माय म्हणाली.

"थोडा तो चखो."

"नगं, ताई. रागावू नका."

खालांचा हात पळीवरच थांबला. त्या उठून पाणी आणायला आत गेल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या बाईनं दोन वर्षं मला लेकीसारखं सांभाळलं, जिच्या हातचं मी ईदेला आणि दिवाळीला सारखंच खाल्लं, तिच्या घरचं जेवण माझी माय बाजूला सारत होती. भाकरी चालते, कांदा चालतो, शिजवलेलं कालवण चालत नाही. ह्याचा अर्थ मला एकच कळला. तिथं बसलेल्या सगळ्यांना तोच कळला.

स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. "एवढा विटाळ होता तर त्यांच्या दारात यायचंच कशाला? माझी मान खाली घालायला आलीस का?" आणखीही बोलले. ते इथं लिहीत नाही, कारण ते मला पाठ आहे आणि ते माझ्यापाशीच राहिलेलं बरं. माय खिडकीत बसली. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पेपर चांगला लिही, बाई."

पेपर बरे गेले. बरे म्हणजे मेडिकलला पुरतील असे नाही. पावसाळ्यात यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. मी तिच्यात तीन वेळा शोधलं, मग शेजारच्या मुलीकडून शोधून घेतलं. घरी आले. दादा ओसरीत बसले होते. मी "नाही लागलं" एवढंच म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. मग आतल्या खोलीकडे बघून, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "म्हंजी आता हिचं वांगं कायमचंच सुटलं."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर तंबूतल्या दवाखान्यात मायचा दंड शिवला तो एका तरुण बाई डॉक्टरनं. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. ती मोठमोठ्या बाप्यांना हे उचला, ते आणा, बाजूला व्हा, असं सांगायची आणि बाप्ये निमूट ऐकायचे. माय चार दिवस तिच्याकडं बघत होती. मला लातूरला पाठवायचं ठरलं, त्या दिवशी तिनं देवघरातल्या खंडोबाच्या टाकावर हळद वाहिली आणि नवस बोलली, पोरगी डॉक्टर होईस्तोवर वांगं तोंडात घालणार नाही. बोललेला नवस सांगायचा नसतो, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. दादांनी तेवढा तो कानांनी ऐकला होता.

मला दोन वर्षांत कसं कळलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. उत्तर सोपं आहे. मी घरी यायची दिवाळीत, तेव्हा घरात कुणीच वांगं खात नव्हतं. नाहीतर यायची उन्हाळ्यात, तेव्हा झाडं संपलेली असायची. वांग्याच्या दिवसांत मी लातूरला होते आणि वांगं डब्यातून माझ्याकडं येत होतं. रोज पहाटे पाचला जी बाई तो मसाला भरत होती, ती जिभेला न लावता भरत होती. मिठाचा अंदाज ती वासावर घ्यायची. आणि मी स्टँडवर तिला विटाळावरून बोलले होते.

दुसऱ्याच दिवशी मी लातूरला खालांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या, मग डोळे पुसले, मग मला रागावल्या. "मन्नत थी तो थी. मैं बी तो रोज़े रखती. इत्ते दिन मैं समझी, मेरा खाना नक्को उनकू." मग एकदम विचारलं, "मां से माफी मांगी क्या तू?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"तो इधर कायकू आई, बावली? उधर जा!"

चहासुद्धा न देता त्यांनी मला परत स्टँडवर पिटाळलं. घरी आले आणि मायच्या पायाशी बसले. मला वाटलं होतं, आता ती रडेल, मी रडेन, आणि सगळं धुऊन निघेल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, "खालाला कळलं न्हवं? झालं मग." मी म्हणाले, "माय, आता हा नवस सोड. डॉक्टर काही मी होत नाही." तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "नवस माझा हाय. तू तुझं बघ."

दादांनीही खूप समजावलं. "अगं, पुराणातली वांगी पुराणात. देव काय ताटात डोकवायलाय व्हय?" तिच्यावर काही परिणाम नाही. पुढची चंपाषष्ठी आली. तिनं नैवेद्याचं भरीत केलं, टाकापुढं ठेवलं, प्रसादाचं बोट कपाळाला लावलं आणि ताट दादांपुढं सारलं. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी आली की पत्रावळीवर हात आडवा धरायची. आणि घरामागचे दोन वाफे मात्र दरवर्षी फुलत होते. ती वाढवत होती, शिजवत होती, सगळ्यांना वाढत होती, आणि ह्या सगळ्यात हसतमुख होती, हे तर मला अजिबात सहन व्हायचं नाही.

मी नांदेडला बीएस्सी केलं, मग बीएड, मग उमरीला नोकरी, मग विष्णुपुरीला संसार. लग्नात मायनं राखेत घोळलेल्या बियाची पुरचुंडी दिली. मी तिला सांगितलं, "तू खात नाहीस तोवर मी लावणार नाही." तिनं पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. तिची लेक आहे मी, मीही लावली नाही. नवऱ्याला लग्नानंतर महिनाभरात कळून चुकलं, की वांगं खायचं तर बाहेर. दर दिवाळीला माय जुनं बी फेकून द्यायला लावायची आणि ताजी पुरचुंडी द्यायची, कारण बी फार वर्षं धरत नाही. मी ती मसाल्याच्या डब्यामागं ठेवून द्यायची. दोन हट्टी बायकांमध्ये दिवाळीची ती पुरचुंडी वर्षानुवर्षं अशी बदलत राहिली.

गेल्या दिवाळीच्या आधीच तिचा फोन आला. गुडघे गेलेत, वाफ्यात बसता येत नाही, यंदा रोप टाकलं नाही. भावाच्या हाती पुरचुंडी पाठवली होती. "हे शेवटलं. ह्याच्यावर बी न्हाई माझ्याकडं," ती म्हणाली. "लाव, न्हाईतर चुलीत टाक."

चुलीत टाकवेना. तीस वर्षांमागं दंड फाटलेला असताना जे तिनं चिंधी बांधून राखलं, ते माझ्या हातानं संपवायला माझी छाती झाली नाही. मी रोप टाकलं. नवऱ्यानं वर्कशॉपच्या नेमकेपणानं वाफा आखून दिला. विज्ञान शिकवणारी बाई, पण पहिल्याच महिन्यात अळीनं माझी परीक्षा घेतली. दर दोन दिवसांनी फोन. "माय, शेंडे झुकलेत." "मग बघत काय बसलीस? खुड." "माय, फुलं गळायलीत." "पानी कमी दे. लाड करू नगस." पोरांना मी परागीभवनाची आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलीय, पण जानेवारीतल्या एका सकाळी पानाआड सुपारीएवढं पहिलं वांगं दिसलं तेव्हा मी अंगणात एकटीच ओरडले.

दहा दिवसांपूर्वी भावानं मायला माझ्याकडं आणून सोडलं. दादा गावीच राहिले, त्यांना शहरात करमत नाही. रविवार होता. आल्या आल्या ती पाणीसुद्धा न पिता काठी टेकत मागच्या दारी गेली. एकेका झाडापाशी थांबली. एक पान उलटून बघितलं, एक शेंडा मला न विचारता खुडला, पायानं माती दाबून बघितली. मी बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी मागं उभी. शेवटच्या झाडापाशी ती वळली आणि म्हणाली, "बरं हाय." मायच्या तोंडी ह्याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही.

मग तिनंच वांगी तोडली. मी भरली. तिच्यासाठी वेगळं मुगाचं वरण लावलं. पाटावर बसवलं तर उठता येणार नाही म्हणून टेबलाशी खुर्ची दिली. ताटात भाकरी, वरण, ठेचा वाढला. तिनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "वांगं कुठाय?"

मला वाटलं, नवऱ्याला वाढ म्हणतेय. मी त्याच्या ताटात वाढायला लागले.

"त्याला न्हवं. मला."

नवरा घास हातात धरून थांबला. मी कशीबशी म्हणाले, "माय, नवस?"

ती शांतपणे भाकरी मोडत होती. "नवस मी पोरीसाठी बोलले व्हते. पोरगी शिकावी, मानानं ऱ्हावी, कुनापुढं हात पसरू नये म्हनून. देवाला डॉक्टर म्हनले, कारन तवर शिकलेली बाई मी तेवढी एकच पाहिलती. दुसरं काय मागावं ते मलाच ठाऊक नव्हतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चुकी माझी व्हती. तुझी न्हाई. खंडोबाला कवाच कळलं आसंल. मलाच येळ लागला."

मी विचारणार होते, मग इतकी वर्षं का गं? विचारलं नाही. त्या क्षणी मला फक्त लाज आणि अभिमान एकदम वाटत होता, आणि दोन्हींत अभिमान मोठा होता. ह्या बाईनं मुरुमावर काळी माती आणून टाकली, देवाशी शब्द पाळला, आणि म्हातारपणी स्वतःच्या नवसात चूक होती असं भरल्या ताटावर कबूल केलं. एवढं मोठं मन मला सात जन्मांत जमणार नाही.

मी तिच्या ताटात एक वांगं वाढलं. तिनं देठ धरून ते उघडलं, वाफ जाऊ दिली, भाकरीच्या तुकड्यात धरलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"आजून हाय का?" तिनं विचारलं.

मी कढई उचलली आणि जशीच्या तशी तिच्यापुढं आणून ठेवली.